मुलगा म्हणतो लिनक्स टाकू. पण मला ते झेपेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी घरून भाषांतराचं काम करते. माझा लॅपटॉप २०१७ सालचा आहे, पण ठणठणीत आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याची सूचना आता सारखी येते आणि हा लॅपटॉप विंडोज ११ साठी चालणार नाही असंही ती सांगते. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो मागे लागलाय, 'आई, विंडोज उडव, मी लिनक्स टाकून देतो, नव्यासारखा पळेल.' नवऱ्याचं म्हणणं, ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपलं नाही. माझे सासरे याच लॅपटॉपवर पेपर वाचतात आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात. माझे क्लायंट वर्डच्या फाइली पाठवतात, त्यांत ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी सोय) आणि कमेंट्स असतात. दोन-तीन महिन्यांत मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाईल. मी काही टेक्निकल बाई नाही. लिनक्स आता माझ्यासारख्या साध्या माणसांसाठी तयार आहे का? की सरळ नवा लॅपटॉप घ्यावा?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला वाटतं ते मुलाच्या नोकरीचं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी, मोफत सिस्टिम. ती बसवायला एक दुपार पुरते आणि बसवणारा तुमच्या घरात आहे. पण तो गेल्यावर एखाद्या संध्याकाळी प्रिंटर रुसला आणि सकाळी काम पाठवायचं असलं, तर तुम्ही काय कराल? माझं बरंचसं उत्तर याच प्रश्नाभोवती आहे.

आधी थेट उत्तर देते. पेपर वाचणं, ईमेल, व्हिडिओ बघणं, बँकेची वेबसाइट, साधं टायपिंग, व्हिडिओ कॉल एवढंच ज्यांचं काम आहे त्यांच्यासाठी लिनक्स तयार आहे, आणि आजचं नाही, बरीच वर्षं तयार आहे. तुमच्या भाषांतराच्या कामासाठी ते चालेल की नाही हे तुमच्या क्लायंटच्या फाइलींवर ठरेल. सुदैवाने ते लॅपटॉपला धक्काही न लावता तपासून बघता येतं. तोवर मुलाला विंडोज उडवू देऊ नका.

आता 'मी टेक्निकल बाई नाही' या वाक्याकडे येऊ. असं लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात विंडोज सोपं आणि लिनक्स अवघड अशी वाटणी झालेली असते. पण तुमच्या लॅपटॉपवर विंडोज कुणी बसवलं? कारखान्यातूनच ते बसून आलं. वायफायचा ड्रायव्हर (म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), आवाजाचा ड्रायव्हर, टचपॅडची सेटिंग हे सगळं कंपनीने त्या मॉडेलवर आधी जुळवून बघितलं होतं. रिकाम्या डिस्कवर विंडोज टाकायची वेळ आली असती तर तेही कुणाकडून तरी करून घ्यावं लागलं असतं. लिनक्सची गाठ मात्र बहुतेकांना बसवण्यापासूनच पडते, तीही दुसऱ्या सिस्टिमसाठी बनलेल्या मशीनवर. म्हणजे आपण एकाचा वापर आणि दुसऱ्याची उभारणी यांची तुलना करत बसतो. लिनक्स आधीच घातलेले लॅपटॉप काही कंपन्या विकतात, त्यावर बसणाऱ्याला हा फरक चटकन कळतो. हार्डवेअर जुळलं की रोजचं काम म्हणजे मेनू उघडणं, चिन्हावर क्लिक करणं आणि खिडकी बंद करणं, इतकंच असतं.

तुमचे यजमान म्हणतात ते एके काळी खरं होतं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचं काम जाहीर केलं, त्यानंतर बरीच वर्षं ते खरोखर कॉम्प्युटरवाल्यांचंच होतं. लिनक्स अनेक तयार रूपांत मिळतं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यांपैकी साध्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून उबुंटू २००४ मध्ये आलं आणि लिनक्स मिंट २००६ मध्ये. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला. हा आकडा लहान आहे आणि त्याचा परिणाम तुम्हाला जाणवेल: प्रिंटर, स्कॅनर किंवा एखादं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आधी विंडोजचा विचार करते, लिनक्सचा नंतर करते किंवा करतच नाही. तुमचा मुलगा कदाचित म्हणेल की अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे, जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. ते खरंच आहे. पण त्यावरून तुमच्या टेबलावरचा प्रिंटर चालेल असं काही सिद्ध होत नाही, म्हणून तो युक्तिवाद बाजूला ठेवा.

'साध्या माणसांसाठी' या शब्दांबद्दलही थोडं बोलायला हवं. आपल्याला वाटतं की जाणकार माणसाला लिनक्स सोपं आणि अडाण्याला अवघड. माझा अनुभव वेगळा आहे. तुमच्या घरात लिनक्सवर सर्वांत सहज जाणारी व्यक्ती तुमचे सासरे असतील. त्यांना ब्राउझर लागतो आणि ब्राउझर इथेही तोच असतो: फायरफॉक्स किंवा क्रोम, तसाच दिसणारा. फक्त ते कॉल कशावरून करतात ते आधी विचारा. गूगल मीट ब्राउझरमध्ये चालतं, झूमचं लिनक्ससाठी वेगळं अ‍ॅप आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपचं अधिकृत डेस्कटॉप अ‍ॅप विंडोज आणि मॅकसाठीच आहे. तुमचा मुलगाही निभावून नेईल, कारण अडलं तर शोधून काढायला त्याला आवडतं. खरी कसोटी मधल्यांची असते, म्हणजे तुमची. तुमचं पोट एका ठरावीक प्रोग्रामवर आणि एका ठरावीक फाइलीवर अवलंबून आहे, आणि ती फाइल उघडणारा समोरचा माणूस विंडोजवर बसलेला आहे.

म्हणून वर्डच्या फाइलीबद्दल जरा सविस्तर सांगते. लिनक्सवर मायक्रोसॉफ्टचं वर्ड बसत नाही. त्याऐवजी लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातलं रायटर असतं. ते वर्डची फाइल उघडतं, ट्रॅक चेंजेस दाखवतं, कमेंट्स दाखवतं, तुम्ही केलेले बदलही त्याच प्रकारे नोंदवतं आणि पुन्हा वर्डच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं. सरळ मजकुराच्या फाइलीत फरक कळतही नाही. घोळ होतो तो मांडणीत. समजा, क्लायंटची फाइल कॅलिब्री फाँटमध्ये आहे. कॅलिब्री मायक्रोसॉफ्टबरोबर येतो, लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी कार्लिटो नावाचा मोफत फाँट वापरला जातो. त्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवली आहे, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. पण कार्लिटो बसवलेला नसेल तर भलताच फाँट येतो, ओळी थोड्या लांबतात, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि पानाच्या तळाशी असलेला तक्ता पुढच्या पानावर जातो. कॅम्ब्रियासाठी असाच कॅलाडिया आहे, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन मालिका आहे. देवनागरी मजकूर मंगलमध्ये असेल तर त्याला असा जोडीदार नाही. नोटो किंवा लोहित दिसेल, तो वाचायला छान आहे, पण ओळींची लांबी बदलेल. याशिवाय मजकुराच्या चौकटी, एकात एक घातलेले तक्ते आणि मॅक्रो (फाइलीत लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या फाइली यांवर भरवसा ठेवू नका.

या सगळ्याची परीक्षा तुम्ही आजच्या विंडोजवरच घेऊ शकता. लिबरऑफिस विंडोजवरही मोफत बसतं, वर्डच्या शेजारी गुण्यागोविंदाने राहतं. जुन्या कामातल्या सगळ्यात किचकट फाइली निवडा, सोप्या नकोत. रायटरमध्ये उघडा, पाच-सहा बदल करा, दोन कमेंट्सना उत्तर द्या, सेव्ह करा आणि मग तीच फाइल वर्डमध्ये उघडून क्लायंटच्या नजरेने पाहा. बदल कुणाच्या नावावर दिसतात, आकडेवारी असलेले तक्ते जागेवर आहेत का, पानांची संख्या तीच आहे का? मग महिनाभर पुढचं सगळं काम रायटरमध्येच करा.

हा क्रम माझ्या डोक्यातून निघालेला नाही. फ्रान्सच्या जॉन्दार्मरी या पोलिस दलाने आधी ऑफिस बदललं, मग ब्राउझर आणि मेल बदलले, आणि माणसं त्यांना सरावल्यावर २००८ पासून संगणक उबुंटूवर न्यायला सुरुवात केली. आज त्यांचे हजारो संगणक त्यावर चालतात. म्युनिक शहराच्या प्रशासनाने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्या निर्णयामागे राजकारण होतं, व्यवस्थापनाचे गोंधळ होते, पण बाहेरच्यांशी फाइलींची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी ही तिथली एक जुनी तक्रार होती. तुमची गाठही नेमकी तिथेच आहे.

परीक्षेत एखाददुसरी फाइल नापास झाली तर लगेच हार मानू नका. वर्डची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती मायक्रोसॉफ्टचं खातं असलं की मोफत मिळते, तीत ट्रॅक चेंजेस आणि कमेंट्स आहेत, आणि लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये ती चालते. शेवटची नजर तिथे फिरवता येईल. पण क्लायंटने तुम्हाला ट्राडोस स्टुडिओ या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करायला सांगितलं असेल तर विषय संपला. ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. ओमेगा-टी हे मोफत भाषांतर-साधन लिनक्सवर उत्तम चालतं, पण साधन निवडायची मुभा तुम्हाला असेल तरच त्याचा उपयोग. टायपिंगची काळजी करू नका. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडायचा असतो, तो आत असतोच, आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस या व्यवस्थेत तसे पर्याय जोडता येतात. ते मुलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या आणि 'र्‍या', 'ज्ञ', 'ॲ' तिथे कसे उमटतात ते स्वतः करून बघा.

फाइली पास झाल्या की पुढची पायरी लॅपटॉपची. मुलाला लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह करायला सांगा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच द्या. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की मिंट पडद्यावर येतं, वापरता येतं, आणि आतल्या विंडोजला तुम्ही सांगितल्याशिवाय हातही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ते थोडं हळू चालेल, त्यावरून मत बनवू नका. बघायचं ते हे: वायफाय लागतं का, एक खराखुरा व्हिडिओ कॉल करून समोरच्याला तुमचा आवाज आणि चेहरा येतो का, प्रिंटर एक पान छापतो का, कडेची ब्राइटनेसची बटणं चालतात का. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा. लॅपटॉप जागा होऊन वायफायला परत जोडला गेला पाहिजे. बोटाच्या ठशाने उघडायची सोय असेल तर ती कदाचित चालणार नाही, पासवर्ड टाकावा लागेल. वायफाय चालला नाही तर मुलाला ड्रायव्हर मॅनेजरमध्ये बघू द्या, जुन्या लॅपटॉपमधल्या काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तासभर खटपट करूनही मूलभूत काही चालत नसेल तर या लॅपटॉपचा नाद सोडा. रोजच्या वापराच्या मशीनवर जुगाड नको.

मी मिंटचंच नाव घेतलं त्याला कारण आहे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, खालची पट्टी ओळखीची वाटते, तुमच्या हाताला नवं शिकावं लागत नाही. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट मिळवत राहील. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्तीही चांगली, फक्त तिची मांडणी वेगळी दिसते. मुलाला स्वतःच्या आवडीची एखादी सतत बदलणारी डिस्ट्रो तुमच्या लॅपटॉपवर घालायचा मोह होईल. त्याचं कौतुक करा आणि नाही म्हणा. तिथे दर आठवड्याला काहीतरी बदलतं आणि बदललेलं निस्तरायला तो तुमच्याजवळ नसेल.

प्रत्यक्ष बसवताना विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर शेजारी ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. ते चालतं, पण किरकिरी असतात. विंडोजवर गेलं की घड्याळ काही तास पुढे-मागे दिसतं, कारण दोन्ही सिस्टिम मशीनच्या आतली वेळ वेगळ्या पद्धतीने वाचतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू राहिलं तर लिनक्समधून विंडोजच्या फाइली बदलता येत नाहीत. अधूनमधून विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझा आग्रह वेगळा राहील: ती काढा, नवी एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला आणि मिंट त्या एसएसडीवर बसवा. लॅपटॉप पळेल म्हणतो ना मुलगा, त्यातला मोठा वाटा एसएसडीचाच असेल. आणि काढलेली डिस्क तुमच्या विंडोजसह, सगळ्या फाइलींसह, जशीच्या तशी कपाटात राहील. नाहीच जमलं तर ती परत लावायची, गाडी पूर्ववत. फक्त त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसली तर स्वतःच्याच फाइली उघडता येणार नाहीत. डिस्क शाबूत असली तरी कामाच्या फाइलींची वेगळी प्रत हवीच.

आता मुलाच्या जाण्याचा प्रश्न. त्याने बसवून निघून जावं असं होऊ देऊ नका. तो घरात असताना निदान एक महिना तुम्ही त्यावर खरं काम करा, आणि त्या महिन्यात माऊस तुमच्या हातात असू द्या. अपडेट तुम्ही करा, तो बघेल. नवा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तुम्ही बसवा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते, ती सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवते. ती चालू करून घ्या आणि एकदा मुद्दाम मागच्या स्थितीला जाऊन या, म्हणजे वेळ आली तेव्हा हात थरथरणार नाही. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं, तुमची कागदपत्रं सहसा नाही, हेही लक्षात असू द्या. दुरून पडदा बघून मदत करता येईल असं एखादं साधन त्याने बसवून, एकदा चालवून दाखवलं पाहिजे. वहीच्या एका पानावर पासवर्ड, प्रिंटरचं नाव, डिस्क कुठे ठेवली आहे, हे लिहून घ्या.

कमांडची भीती वाटते असं बरेच वाचक लिहितात. रोजच्या कामात टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडावं लागत नाही. पण अडचण शोधायला गेलात की इंटरनेटवर उत्तर कमांडच्या रूपात मिळतं, कारण लिहिणाऱ्याला ते सोपं पडतं. सुडो या शब्दाने सुरू होणारी ओळ सिस्टिममध्ये काहीही बदलू शकते. तिचा अर्थ कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय ती चिकटवू नका, मुलाला फोन करा.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमचं काम फोटोशॉपवर, ऑटोकॅडवर, मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलवर किंवा एखाद्या डिजिटल सहीच्या टोकनवर चालत असेल, घरातल्या मुलांना व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळायचं असेल, किंवा ऑनलाइन परीक्षेचं नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तर आत्ता लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. खेळांच्या बाबतीत स्टीम या ऑनलाइन खेळ-दुकानाच्या प्रोटॉनमुळे (ते विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवतं) २०१८ पासून चित्र खूप बदललं आहे, पण फसवणूक रोखण्यासाठी सिस्टिमच्या मुळापर्यंत जाणारं सॉफ्टवेअर वापरणारे काही खेळ तिथे चालतच नाहीत. विंडोजवर राहण्यात काही कमीपणा नाही.

मात्र अपडेट बंद झालेल्या विंडोज १० वर तसंच राहून बँकेचे व्यवहार करत राहू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. लॅपटॉप चालत राहतो, पण नवी भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तुमच्या सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तो पर्याय दिसतो का ते आजच बघा, म्हणजे वरची सगळी परीक्षा घाई न करता देता येईल.

नव्या लॅपटॉपचा पर्यायही मी मोडीत काढणार नाही. रायटरमधून गेलेल्या फाइली बघून एखादा महत्त्वाचा क्लायंट कुरकुरला तर तुमच्यासाठी नवा विंडोज ११ चा लॅपटॉप हाच शहाणपणाचा खर्च आहे, कारण तो तुमच्या कमाईचं साधन आहे. तरीही जुना टाकू नका. त्यावर मिंट बसवून सासऱ्यांना द्या. पडद्यावरची अक्षरं मोठी करा, पेपर आणि कॉलची चिन्हं समोर ठेवा. मला तर वाटतं, तुमच्या घरासाठी हा मार्ग सगळ्यात सुखाचा ठरण्याची बरीच शक्यता आहे. मुलाचा हट्टही पुरा होईल आणि तुमच्या कामाला धक्काही लागणार नाही.

पण ते सगळं फाइलींच्या परीक्षेनंतर. या आठवड्यात लिबरऑफिस बसवा आणि तुमच्या क्लायंटची सगळ्यात त्रासदायक फाइल घेऊन बसा. ट्रॅक चेंजेस कसे टिकले ते मला जरूर कळवा. भाषांतर आणि संपादन करणाऱ्या आणखी काही वाचकांनी हेच विचारलं आहे, तुमचं उत्तर त्यांनाही कामी येईल.